सात दारांची पट्टी

सप्ताहाचा पाचवा दिवस होता. काकडा आटपून माणसं चहाला पांगली होती आणि मंडपात लडकू वीणा गळ्यात घेऊन एकटाच उभा होता. सहा ते आठ हा त्याचा पहारा. साडेआठ वाजले तरी पुढचा पहारेकरी उगवला नव्हता. करंजवाडीला हे काही नवं नव्हतं. सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, हा नेम. कोणी कधी उभं राहायचं ते देवळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असायचं. फळ्यावर बावीस नावं होती. त्यातली निम्मी आयत्या वेळी एकच निरोप धाडायची, की लडकू आहेच.

आणि लडकू असायचाच. एकोणीस वर्षं तो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा होता. टाकीचा व्हॉल्व्ह फिरवायचा, मोटर बघायची, पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, घरपट्टीची बिलं वाटायची. कीर्तनाचं वेड तर इतकं, की पलीकडच्या गावात महाराज आले तरी सायकल काढून जायचा. पण आपल्या गावचं कीर्तन त्याने एकोणीस वर्षांत एकदाही मांडी घालून पुरतं ऐकलं नव्हतं. महाराज रंगात यायचे आणि पाण्याची वेळ व्हायची. नाहीतर कोणाचा तरी पहारा उभ्याने काढायचा असायचा.

खिशातला फोन वाजला. एका हाताने वीणा सावरत त्याने तो कानाला लावला. पलीकडे शहापूरचा मनोज होता, कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा.

"दादा, जिंकलो. सही झाली. पगाराचा नवा दर एक एप्रिलपासून. आता बारा हजार आठशे."

लडकूला सहा हजार दोनशे मिळत होते, तेही दिवाळीचे शिमग्याला. जानेवारीत ठाण्याला तीन दिवस धरणं धरलं होतं, थंडीत फुटपाथवर झोपले होते, त्याचं हे फळ. त्याने डोळे मिटले आणि वीणेला कपाळ लावलं. मागून म्हातारा धाऊबाबा आला.

"आण रे ती इकडं. तुला पंचायतीत बोलावलंय. रविंद्र बसलाय तिथं तंगडीवर तंगडी टाकून."

दोघे एकमेकांच्या पाया पडले, वीणा धाऊबाबाच्या गळ्यात गेली, आणि लडकू पंचायतीकडे निघाला.

पंचायतीच्या खोलीत तिघं होती. ग्रामसेवक शाम, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. सरपंच गिरजाकाकू, पदर सावरून भिंतीकडे बघत बसलेल्या. आणि रविंद्र हरड. रविंद्र भातसानगरला धरणावर सरकारी नोकरीत होता. निवृत्त होऊन गावी आला, दोन मजली बंगला बांधला, पंचायतीत निवडून आला, आणि सप्ताह कमिटीचा अध्यक्षही झाला.

"ये लडकू. अभिनंदन," रविंद्र म्हणाला. "पेढे कधी?"

"काल्याच्या दिवशी देतो दादा."

"भाऊसाहेब, त्याला पुढचंही सांगा."

भाऊसाहेबांनी कागद पुढे ओढला. चांगला माणूस, पण वाईट बातमी सांगताना चष्मा पुसत बसायची खोड. "पगार वाढला, पण तो निम्मा सरकार देणार आणि निम्मा पंचायतीने द्यायचा. सरकारचा निम्मा पुरता यायचा तर गावची पट्टी शंभरातली नव्वद वसूल झालेली पाहिजे, तीही पुढच्या आठवड्यात, एकतीस मार्चला. आपली साठावर अडलीय. म्हणजे सरकारचा वाटाही कापून येणार आणि तो खड्डा पंचायतीने भरायचा. तुम्ही दोघं कर्मचारी. दोघांचे वर्षाचे तीन लाखांवर जातात. मोटरचं वीजबिल, दिवाबत्ती, टीसीएल हे सगळं त्याच पेटीतून."

"मग?"

"मग एकच पद ठेवायचं," रविंद्र म्हणाला. "तुझं. तू जुना आहेस. झाडलोट, गटारं तूच बघ, तुला पगार पुरता मिळेल. एकतीसच्या सभेत पारूचं पद कमी करायचा ठराव घेऊ. काकूंची सही काय, होईल."

गिरजाकाकूंनी भिंतीवरची नजर काढली नाही.

पारू डोंगराकडच्या पाड्यातली बाई, नवरा गेलेला, मुलगी मुरबाडला बारावीला. चौदा वर्षं गाव झाडत होती. जानेवारीत लडकू ठाण्याला बसला होता तेव्हा तीन दिवस पाणी तिने सोडलं होतं. गंजलेला व्हॉल्व्ह फिरवून तळहाताला फोड आले होते तिच्या. गावाला कळलंसुद्धा नाही की लडकू गावात नाही. म्हणजे ही वाढ मिळवायला ती हवी होती आणि वाढ आली तर पहिली तीच नको झाली.

"दादा," तो म्हणाला, "तुमी भातसानगरला व्हता तवा वेतन आयोग आला. फरकाचे पैसे आले, त्यात तुमी ट्रॅक्टर घेतला. तवा कोणाची नोकरी गेली का?"

रविंद्र हसला. "ती सरकारची तिजोरी, लडकू. ही गावची पेटी. दोन्ही सारख्या कशा होतील?"

"संप तर तुमीपन केलावता."

"अरे, मी तुझ्याच भल्याचं बोलतोय. दोघांना अर्धं पोट देण्यापेक्षा एकाला पुरतं जेवू दे. विचार कर." तो उठला. "बरं, आज महाराजांचं जेवण अमोलकडे आहे, टेम्पोवाल्याकडे. दहाच्या आधी पाणी सोड तिकडे, बाया खोळंबल्यात."

मंडपाच्या मागे पारू राखेने पातेली घासत होती. लडकू तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला.

"वाढ झाली म्हनं तुजी," ती म्हणाली. "बारा हजार. आता बूट घालून व्हॉल्व्ह सोडशील."

"तुला कोणी सांगितलं?"

"रविंद्रच्या वट्यावर काल भांडी घासत व्हते. तुजी वाढ येनार आन माजं पद जानार, समदं कालच बोलत व्हते तिथं. त्यांना वाटतं भांडी घासणारीला कान नसतात."

"मी नाय म्हननार हाय त्यांना, पारू. मला एकट्याला वाढ नको."

तिने पातेलं उलटं टाकलं. "नाय म्हनलं की पैसे पडतात का रे आभाळातून? भाऊसाहेब खोटं नाय बोलला. पेटीत नाय तर देनार कुठून? मला एक सांग. बिलं वाटतो कोण?"

"मी."

"मग सात घरांची बिलं कुठं हायत?"

लडकूने मान खाली घातली. बिलं कुठे आहेत ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पंचायतीच्या कपाटात, खालच्या खणात, दोऱ्याने बांधलेली. त्या गठ्ठ्याला तो मनात देवाची बिलं म्हणायचा. त्याचं असं होतं, की सप्ताहाला सात दिवस, आणि रोज एका घरी महाराजांचं जेवण. वर्षानुवर्षं तीच सात घरं, गावातली ऐपतदार. ज्याच्या घरी महाराजांचं पान वाढलं जातं त्याच्या दारात पट्टीचा कागद घेऊन जायचं नाही, असा पायंडा पडला होता. कोणी ठरवला होता? ना ग्रामसभेने, ना देवळाने. लडकूच्याच मनाने ठरवला होता. सहा वर्षांपूर्वी एका घरी त्याला कोणीतरी म्हणालं, "अरे, आम्ही देवाचं करतो आणि तू आम्हाला बिल दाखवतोस?" त्याला इतकं लाजल्यासारखं झालं, की पुढच्या वर्षापासून त्याने ती दारंच सोडली. गरिबांच्या दारात मात्र तो तीन-तीन वेळा जायचा.

"ते देवाचं करतात गो," तो पुटपुटला.

"देवाचं करतात." पारूने राखेचा हात कपाळाला पुसला. "त्या जेवनाची भांडी मी घासते. मंडप मी झाडते, पत्रावळ्या मी उचलते. बारकीआजीच्या घरचं जेवन असतं तवा खरकटं काढायला माज्या पोरीला, सारिकाला पन नेते, कॉलेज बुडवून. आमचं ते देवाचं नाय का? आमाला कोणी काय माफ केलं? माज्या कुडाच्या घराची पट्टी चारशे वीस रुपये. शिमग्याच्या आधी भरली. पावती हाय माज्याकडं."

ती रडत नव्हती. रडली असती तर लडकूला बरं वाटलं असतं.

"तुज्या भक्तीपायी माजी नोकरी चालली, लडकूदादा. रविंद्रचा राग मला कमी हाय. त्याच्याकडून मी काय धरलंच नव्हतं."

दुपारी उन्हाचा ताव होता. सिद्धगडाकडची झाडी नुसती धुरकटलेली दिसत होती. लडकूने टाकी भरली आणि तसाच ओल्या पायांनी पंचायतीत शिरून कपाटाचा खालचा खण उघडला. भाऊसाहेब जेवणाचा डबा बाजूला सारून बघत राहिले. गठ्ठा सोडून दोघांनी बेरीज घातली. सात घरांची पाच वर्षांची मिळून एक लाख पाच हजार.

"ही आली तर?"

भाऊसाहेबांनी आकडे मांडले. "ब्याण्णव होते वसुली. सरकारचा वाटा पुरता येईल. दोघंही राहाल." मग त्यांनी बोटाने एक बिल वेगळं काढलं. "पण याचं नाही आलं तर चौऱ्याऐंशीवरच अडेल. एकट्याचे सत्तावीस हजार. घर, दोन नळ आणि रस्त्यावरचे गाळे."

बिलावर नाव होतं रविंद्र हरड. आणि घराच्या वर्णनात लिहिलं होतं : एक मजली.

पट्टी लावायला केलेली ती मोजणी लडकूला आठवली. बंगल्याचा रंग अजून ओला होता. फितीचं एक टोक तालुक्याहून आलेल्या शिपायाकडे, दुसरं लडकूकडे. रविंद्रने चहा पाजला आणि म्हणाला, "वर काय मोजताय, वर देवघर आहे." देवघर म्हटल्यावर लडकूने चपला काढल्या, हात जोडले आणि फीत खालच्या खालीच धरली. वर देवघर होतं हे खरं, पण त्याच्या चारी बाजूंनी चार खोल्या होत्या.

असा संताप त्याला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नव्हतं. देवाचं नाव पुढे केलं की हा गडी वाकतो, हे सगळ्या गावाने ओळखलं होतं. त्याच्या पाठीवर पाय देऊन सात घरं वर चढली होती, आणि खाली पारू चेंगरली होती.

"मी तीन वेळा नोटिसा काढल्या," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "वाटणारा तू होतास."

"आता वाटतो. पन ही माणसं घरी गावत नायत. बिल बघितलं की मालक वाशिंदला गेलेत, मुरबाडला गेलेत. मालकाच्याच हातात द्यायला लागतं ना?"

"मालकाच्या हातात द्यायचं, एवढाच नियम. कधी आणि कुठे द्यायचं ते लिहिलेलं नाही."

"काल्याच्या सकाळी दिंडी फिरते," लडकू म्हणाला. "तवा समदे मालक आपापल्या दारात हात जोडून उभे असतात."

भाऊसाहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "मी त्या दिवशी पावती पुस्तक घेऊन मंडपात बसतो," ते म्हणाले. "कीर्तनाला यायचंच होतं मला."

पण लडकूचं मन खात होतं. दिंडीत वीणा त्याच्याच गळ्यात असायची. ती पवित्र वस्तू, आणि त्याच हाताने पट्टीचा कागद द्यायचा? सहाव्या दिवशी संध्याकाळी तो वैष्णवीताईंच्या बिऱ्हाडी पाण्याचा हंडा घेऊन गेला. यंदा काल्याच्या कीर्तनाला आलेल्या शहापूरकडच्या या ताई महाराज वयाने लहान, पण आवाज असा की माणसाच्या आतलं काहीतरी धुऊन निघावं.

"ताई, एक इचारू? वीणा गळ्यात असताना दुसरं काम केलं तर पाप लागतं का?"

"कसलं काम?"

"गावाचं."

ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही पाणी सोडता ना? सोडताना नाम घेता का?"

"घेतो की. रोज."

"व्हॉल्व्ह हातात असताना नाम चालतं, मग वीणा गळ्यात असताना गावाचं काम का नाही चालणार?" त्या हसल्या. "हंडा जड आहे, ठेवा तो आधी."

काल्याच्या सकाळी दिंडी निघाली. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये लडकू वीणा घेऊन. सदऱ्याच्या वरच्या खिशात सात कागद. दारोदारी सडा घातलेला. बायका वीणेकऱ्याच्या पायावर पाणी घालत, कुंकू लावत, घरधनी वाकून नमस्कार करत.

अमोल टेम्पोवाला वाकून उठला तर त्याच्या हातात बिल. तो वेड्यासारखा बघत राहिला. "हे काय रे?"

"पट्टी. पाच वर्षांची. भाऊसाहेब मंडपात बसलेत पावती घेऊन."

"आता?"

"आताच कशाला, कीर्तन बाराला संपतंय. तोवर."

मागचे टाळकरी हसू दाबत होते. अमोलने मान खाजवली आणि खिशात कागद कोंबला. पुढे बारकीआजीच्या दारात आजीने बिल डोळ्यांजवळ धरलं. "मला वाटलं आमाला माफ हाय. तूच कधी आला नायस."

"माफ नाय आजी. माजीच चूक झाली."

"मग आधी सांगायचं नाय का, मुडद्या? पोरगा वाशिंदच्या कंपनीत हाय, त्याच्या मोबाईलवरनं भरला असता." आणि तिने त्याच्या पायावर दुसरा तांब्या ओतला.

सहा दारं झाली. सातवं रविंद्रचं. तोवर बातमी दिंडीच्या पुढे धावत गेली होती. रविंद्र ओट्यावर उभा होता, धोतर, उपरणं, कपाळाला गंध. त्याची बायको सरिता तांब्या घेऊन पुढे झाली. तिने लडकूचे पाय धुतले, पदराने पुसले. रविंद्रला वाकावं लागलं. सगळं गाव बघत होतं. तो उठला तेव्हा लडकूने बिल पुढे धरलं.

रविंद्र खालच्या आवाजात म्हणाला, "लडकू, ही वेळ आहे का?"

"पाच वर्षं येळ बघितली दादा. गावली नाय."

"देवाच्या दिंडीत पैसे मागतोस?"

"देवाचे नाय मागत. दोन नळांचे मागतोय. तुमच्या घरी महाराज जेवले त्याचं पुण्य तुमाला लागलंय, त्यातलं काय मी काढून घेत नाय. पन त्या पुण्याचे पैसे पारूच्या पगारातनं जात व्हते, ते आजपासून बंद." त्याने गळ्यातली वीणा सावरली. "आन उद्या मी फीत घेऊन येतो. वरचा मजला मोजायचा राहिलाय. फितीचं टोक माज्या हातात व्हतं, मीच खाली धरलं. ती चूक माजी. देवघर सोडून बाकी मोजू."

टाळ थांबले होते. रविंद्रने दिंडीकडे पाहिलं, मग बायकांत उभ्या असलेल्या गिरजाकाकूंकडे. काकू आज भिंतीकडे बघत नव्हत्या.

"ठरावाचं सभेत बोलू," रविंद्र म्हणाला.

"सभेत मी सही करनार नाय," गिरजाकाकू म्हणाल्या. एवढंच.

लडकूने गळ्यातली वीणा काढली. "दादा, नऊ वाजले. काल्याचा मानाचा पहारा, नऊ ते बारा. फळ्यावर अध्यक्षांचं नाव हाय. दरसाल असतं."

दरसाल त्या नावावर लडकू उभा राहायचा. रविंद्रचे हात आपसूक मागे गेले. पण वीणा लडकूच्या हातांत अधांतरी होती, आणि ती खाली ठेवता येत नाही. धाऊबाबा टाळकऱ्यांतून बोलला, "घे रे. हात दुखतील त्याचे." रविंद्रने मान पुढे केली. वीणा देणारा घेणाऱ्याच्या आणि घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, हा नेम. रविंद्र वाकला. लडकूही वाकला, आणि मनापासून वाकला.

काल्याचं कीर्तन सुरू झालं. वैष्णवीताई उभ्या राहिल्या, मागे टाळकऱ्यांच्या मध्ये रविंद्र वीणा घेऊन. आणि लडकू लोकांत, खांबाला टेकून, मांडी घालून बसला. त्याला बसून बसून अवघडल्यासारखं झालं, सवयच नव्हती. दुसऱ्या खांबाशी भाऊसाहेबांचं टेबल होतं. अमोल आला, पावती घेऊन गेला. बारकीआजी काठी टेकत आली, पोराला फोन लावून दिला आणि पावती पदरात बांधली. एकेक करून सहा झाले.

ताई गोकुळातल्या शिदोऱ्यांचं सांगत होत्या. प्रत्येक सवंगड्याने आपली शिदोरी सोडली आणि सगळ्यांचं एकत्र कालवलं, कोणाची भाकरी नाचणीची, कोणाचा भात, आणि एकाने म्हणे आपली गाठोडीत लपवून ठेवली होती, देव हसून त्याच्याच शेजारी जाऊन बसला. माणसं हसली. लडकूने वर पाहिलं. रविंद्रच्या कपाळावर घाम आला होता.

तेवढ्यात सरिता बायकांतून उठली. हातात कापडी पिशवी. ती सरळ भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेली आणि पिशवी उपडी केली. रविंद्रने तिथूनच मान हलवली, नको म्हणून. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. पुढे यायला तो पाऊल उचलणार, तर गळ्यात वीणा. ताईंचा अभंग रंगात आलेला. तो जागच्या जागी चुळबुळला आणि उभा राहिला.

सरिताने पावती घेतली, दूर धरून बघितली आणि बायकांत बसलेल्या पारूकडे आली. "वाच गो, माजा चष्मा घरी राहिला."

पारूने वाचलं. "सत्तावीस हजार. पूर्ण."

"बरं झालं. माज्या वट्यावर बोलनं झालं ते माज्या कानावर पन आलंवतं." सरिता तिच्याशेजारी जागा करून बसली.

भाऊसाहेबांनी लांबूनच लडकूला बोटांनी नऊ आणि दोन दाखवले.

लडकूची नजर घड्याळावर गेली. साडेअकरा. पंगतीचं पाणी सोडायची वेळ. एकोणीस वर्षांची सवय. तो उठायला गेला, तोच मागून खांद्यावर हात पडला.

"बस," पारू म्हणाली. व्हॉल्व्हची किल्ली तिने त्याच्या खिशातून आधीच काढली होती. "मी जाते. व्हॉल्व्ह माजा पन हाय."

ती मंडपाबाहेर उन्हात टाकीकडे चालत गेली. लडकू पुन्हा खाली बसला, मांडी नीट घातली, आणि ताईंनी काल्याच्या हंडीची दोरी हातात घेईपर्यंत उठला नाही.